युद्धनौकेची प्रतिकृति कां व कशी करावी ?

विद्यार्थ्यांच्या हातून हस्तकौशल्याचीं जीं अनेक कामें होतात, त्यांत जहाजाची प्रतिकृति तयार करण्याच्या कामाचें आकर्षण कांहीं निराळेंच आहे. घर, पूल, किल्ला अथवा आगगाडी यांच्या प्रतिकृति मुलें हौसेनें करतात व त्या चांगल्या साधतातहि. परंतु जहाजाचें नांव काढलें कीं त्यांच्या उत्साहास भरती येते, आणि तें जहाज लढाऊ असेल तर मग विचारावयासच नको! तोफांचे बुरूज, उंच डोलकाठ्या, जाड धुराडीं, कठड्याच्या बारीक तारा आणि दोरखंडांचें जाळें या सर्वांत बालमनास गुंतवून ठेवण्याची मोठीच शक्ति आहे. प्रदर्शनाच्या दिवशीं अशा नौकेभोंवतीं जी गर्दी जमते, तींत मुलांबरोबर त्यांचे आईवडीलहि असतात, व त्यांच्या तोंडून कांहीं प्रश्नहि ऐकूं येतात.

हे प्रश्न बहुधा तीन असतात. पहिला असा कीं, परीक्षा तोंडावर आली असतां मुलानें दोन-दोन महिने लांकूड तासण्यांत घालवावे काय ? दुसरा असा कीं, बाजारांत प्लास्टिकचे सुबक तयार संच मिळत असतांना हातानें घडविण्याचा हा खटाटोप कशासाठीं ? आणि तिसरा प्रश्न एका मातोश्रींनीं मला फार गंभीरपणें विचारला, तो असा : "मास्तर, हें तर माणसें मारण्याचें यंत्र. मुलांच्या हातीं शोभेची वस्तु म्हणून तें द्यावें कां ?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत, व तिसरा टाळून पुढें जाणें कोणत्याहि शिक्षकास शोभणार नाहीं. प्रस्तुत लेखकाचें मत थोडक्यांत असें आहे कीं, युद्धनौकेची प्रतिकृति मुलांनीं अवश्य करावी. मात्र ती काटेकोर प्रमाणांत करावी, आणि ज्या प्रमाणांत तोफा व पोलाद दाखवावयाचें, त्याच प्रमाणांत तिच्यावरचा माणूसहि दाखवावा.

मत नुसतें मांडून भागत नाहीं. त्यास उदाहरणाचा आधार हवा. म्हणून 'ड्रेडनॉट' या एका इंग्रज युद्धनौकेचाच विचार करूं. तिच्या नांवाचा अर्थ 'कशासहि न भिणारी' असा आहे. पोर्टस्मथच्या सरकारी गोदींत २ ऑक्टोबर १९०५ रोजीं तिचा कणा घालण्यांत आला. १० फेब्रुवारी १९०६ रोजीं राजा सातवा एडवर्ड याच्या हस्तें ती पाण्यांत सोडण्यांत आली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती नौदलांत रुजू झाली. एवढी अवाढव्य नौका इतक्या थोड्या अवधींत उभी राहिलेली पाहून जग थक्क झालें. पण यांत जादू कांहीं नव्हती. बरेंचसें सामान अगोदरच जमवून ठेवलें होतें, पोलादी पत्रे ठराविक मापांचे वापरले होते, आणि 'लॉर्ड नेल्सन' व 'ॲगमेम्नॉन' या दुसऱ्या दोन नौकांसाठीं मागविलेले तोफांचे बुरूज तिच्याकडे वळविण्यांत आले होते. पूर्वतयारी असली म्हणजे काम किती लवकर उरकतें, याचा हा वस्तुपाठ विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

तत्पूर्वींच्या मोठ्या युद्धनौकांवर अवजड तोफा सामान्यतः चारच असत, व त्यांच्या जोडीस निरनिराळ्या आकारांच्या लहान तोफांचा भरणा असे. 'ड्रेडनॉट'वर १२ इंची तोंडाच्या दहा तोफा, पांच बुरुजांत दोन-दोन अशा, बसविल्या होत्या. तिचीं यंत्रें पार्सन्सच्या पद्धतीचीं टर्बाइनें होतीं, आणि त्यांच्या बळावर ती ताशीं २१ सागरी मैल धांवे. इतक्या मोठ्या युद्धनौकेंत टर्बाइनें बसविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. परिणाम असा झाला कीं, परराष्ट्रांच्याच काय, पण खुद्द ब्रिटनच्या आधींच्या सर्व युद्धनौका एकाएकीं जुनाट ठरल्या. अनेक वर्षांत मिळविलेली आघाडी ब्रिटननें अशा रीतीनें स्वतःच पुसून टाकिली, व शर्यत पुन्हां पहिल्यापासून सुरू झाली. जर्मनीनें १९०७ सालीं त्याच धर्तीची 'नासाउ' बांधावयास घेतली. १९०९ सालीं ब्रिटननें एकाच वर्षाच्या कार्यक्रमांत तशा आठ नौका मंजूर केल्या. आणि १९१४ च्या महायुद्धास तोंड लागेपर्यंत ही चढाओढ थांबली नाहीं. एका नौकेच्या सुबक आकृतीमागें केवढा इतिहास उभा असतो, हें यावरून दिसून येईल.

आतां ही नौका प्रमाणांत कशी आणावयाची तें पाहूं. तिची एकूण लांबी ५२७ फूट, म्हणजे सुमारे १६०.६ मीटर, आणि रुंदी सुमारे २५ मीटर होती. विद्यार्थ्यांसाठीं १:२०० हें प्रमाण सोयीचें, कारण त्यांत दोन मीटरांचा एक सेंटिमीटर होतो व हिशेब तोंडीं करतां येतो. या मानानें प्रतिकृति ८० सेंटिमीटरांहून किंचित लांब व साडेबारा सेंटिमीटर रुंद होईल. १२ इंची तोफेची नळी सुमारे १३.७ मीटर लांब होती. ती येथें सात सेंटिमीटरांस थोडी कमी भरेल, व तिचें तोंड अवघें दीड मिलिमीटर होईल. नौकेच्या कुशीवरील चिलखत जेथें सर्वांत जाड, तेथें ११ इंच होतें. तें येथें साध्या पुठ्ठ्याच्या जाडीचें, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर, होतें. आणि पावणेदोन मीटर उंचीचा खलाशी ? तो अवघा नऊ मिलिमीटरांचा, बासमती तांदळाच्या दाण्याएवढा ! हा शेवटचा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

सांगाडा घडविण्याची सर्वांत सोपी रीत थरांची आहे. नौकेच्या आराखड्यांत पाण्याच्या पृष्ठाशीं समांतर असे आडवे छेद दाखविलेले असतात. एकेका छेदाचा आकार पातळ फळीवर उतरून घ्यावा व करवतीनें कापावा. मधल्या फळ्या आंतून कोरून पोकळ कराव्या. मग त्या एकीवर एक रचून सरसानें जोडाव्या व वजनाखालीं रात्रभर दाबून ठेवाव्या. दुसऱ्या दिवशीं पायऱ्यापायऱ्यांचा एक ओबडधोबड ठोकळा हातीं येतो. त्या पायऱ्या पटाशी, कानस व पॉलिशकागद यांनीं हळूहळू नाहींशा कराव्या. परंतु थांबावयाचें कोठें ? याचें उत्तर पुठ्ठ्याचे साचे देतात. आराखड्यांतील उभे छेद पुठ्ठ्यांतून कापून घ्यावे व जागोजाग ते ठोकळ्यास लावून पाहावे. जेथें साचा अडतो तेथें आणखी तासावें. जेथें मधून उजेड दिसतो तेथें हात लावूं नये, कारण तासलेलें लांकूड परत चिकटत नाहीं. सर्व बाजूंनीं उजेड दिसेनासा झाला म्हणजे तेवढी जागा पुरी झाली असें समजावें. वरच्या कामास फारसा खर्च नाहीं. छत्रीच्या मोडक्या काड्या, टांचण्या, तांब्याची तार, शिवणाचा दोरा आणि जुन्या खोक्यांचा पुठ्ठा एवढ्यांतून तोफा, कठडे, दोर व बुरूज होतात. ब्रिटिश युद्धनौकांचे डेक सागवानी फळ्यांचे असत. त्यांच्या रेषा अणकुचीदार शिसपेन्सिलीनें ओढाव्या.

येथें पहिल्या प्रश्नाकडे वळूं. लांकूड तासण्यांत मुलाचा अभ्यास बुडतो, असें पालकांस वाटतें; परंतु कोणता अभ्यास बुडतो हें पाहिलें पाहिजे. एखाद्या विद्यार्थ्यास विचारा कीं, नौका २०० पट लहान केली तर तिचें वजनहि २०० पट कमी होईल काय ? पुष्कळ जण 'होय' म्हणतील. पण लांबी, रुंदी व उंची या तिन्ही २०० पट घटल्या. म्हणून वजन २०० गुणिलें २०० गुणिलें २००, म्हणजे ८० लक्ष पट घटतें. 'ड्रेडनॉट'चें नेहमींचें वजन सुमारे १८,४०० मेट्रिक टन होतें. त्यास ८० लक्षांनीं भागल्यास २.३ किलोग्रॅम येतात. प्रतिकृति हौदांत सोडून तिच्या पोकळ पोटांत शिशाचे तुकडे भरीत जावें. एकूण वजन २.३ किलोग्रॅम होतांच पाणी तिच्या रंगविलेल्या रेषेशीं येऊन ठेपलें पाहिजे. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून जड असल्यामुळें किंचित फरक राहील, आणि तो कां राहतो हें शोधणें हाहि एक धडाच आहे. परंतु फरक मोठा असेल तर कोठें तरी तासण्यांत माप चुकलें, हें पाणीच सांगेल. पाण्याइतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा कोण मिळणार ?

वेगाची गोष्ट याहूनहि मनोरंजक आहे. ताशीं २१ सागरी मैल म्हणजे सेकंदास सुमारे १०.८ मीटर. त्यासहि २०० नींच भागावें काय ? तसें केल्यास नाळेपाशीं उठणारी लाट खऱ्या नौकेच्या लाटेसारखी उठत नाहीं. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानें दाखवून दिलें कीं, लाटांचें साम्य राखावयाचें असेल तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळानें कमी करावा लागतो. २०० चें वर्गमूळ सुमारे १४.१, म्हणून आपल्या प्रतिकृतीचा योग्य वेग सेकंदास सुमारे ७६ सेंटिमीटर ठरतो. फ्रूडनें टॉर्की येथें लांबलचक हौद बांधून १८७२ पासून मेणाच्या प्रतिकृति पाण्यांतून ओढून पाहिल्या. पुढें त्याच्या मुलानें पोर्टस्मथनजीक हॅस्लर येथें तसाच हौद चालविला, आणि ब्रिटिश नौदलाच्या नौकांचे आकार तेथें आधीं मेणांत पारखून मग पोलादांत उतरविले जाऊं लागले. लांबी २०० पट, वेग १४ पट आणि वजन ८० लक्ष पट ! एकाच वस्तूंत तीन निरनिराळीं प्रमाणें नांदतात, ही गोष्ट जो मुलगा स्वतःच्या हातानें अनुभवतो, त्यास घन, घनमूळ व वर्गमूळ हे शब्द पुन्हां घोकावे लागत नाहींत. हा वेळ अभ्यासांतून चोरलेला नसून अभ्यासासच दिलेला आहे, असें मी पालकांस नम्रपणें सुचवितों.

प्रतिकृति आणखी एक गुण शिकविते, तो म्हणजे डोळस पाहणें. 'ड्रेडनॉट'चें चित्र शेंकडों लोक पाहतात, पण तिची मुख्य डोलकाठी पुढच्या धुराड्याच्या मागें कां, हा प्रश्न ती डोलकाठी स्वतः रोंवणारासच पडतो. त्या डोलकाठीच्या माथ्यावर टेहळणीची जागा होती. तेथें बसून गोळे कोठें पडतात हें पाहावयाचें असे. पुढच्या धुराड्याचा धूर व उष्णता नेमकी त्याच जागीं जाई. मग अशी रचना केली कशासाठीं ? होड्या उतरविण्याच्या यारीस त्या डोलकाठीच्या सरळ पायाचा आधार मिळावा, म्हणून. म्हणजे होड्यांची सोय झाली, आणि तोफांचा डोळा धुरांत सांपडला ! पुढच्या नौकांत ही चूक दुरुस्त करण्यांत आली. पण नवल असें कीं, त्यानंतरच्या 'कोलोसस' व 'ओरायन' या नौकांत तीच रचना पुन्हां अवतरली. मोठमोठ्या तज्ज्ञांच्याहि हातून एक सोय साधतांना दुसरी अडचण निर्माण होते, व एकदां शिकलेला धडा विसरला जातो, हें शहाणपण मुलास लहान वयांत लाभलें तर तें थोडें नव्हे.

दुसरा प्रश्न तयार संचांचा. त्यांना नांवें ठेवण्याचें मला कारण दिसत नाहीं. ते संच कुशलतेनें केलेले असतात, व शहरांत राहणाऱ्या मुलास जागेच्या व हत्यारांच्या अभावीं त्यांचा चांगला उपयोग होतो. परंतु त्यांत मापें घेण्याचें काम दुसऱ्या कोणी तरी आधींच केलेलें असतें. तुकडा क्रमांक १७ तुकडा क्रमांक १८ ला जोडावा, एवढीच आज्ञा मुलानें पाळावयाची. यांत हाताची स्वच्छता व चिकाटी हे गुण वाढतात, पण कां व किती हे प्रश्न उठत नाहींत. म्हणून माझी शिफारस अशी कीं, ज्यास संच आणणें परवडतें त्यानें तो खुशाल आणावा, मात्र जोडण्यापूर्वीं त्यांतील प्रत्येक मुख्य भाग मोजून खऱ्या नौकेच्या मापाशीं ताडून पाहावा. आणि ज्यास परवडत नाहीं त्यानें मनांत कमीपणा न आणतां लांकूड व पुठ्ठा हातीं घ्यावा. परीक्षकांनींहि चकाकीस गुण न देतां मापास द्यावे. असें झालें म्हणजे श्रीमंताचें मूल व गरिबाचें मूल एकाच फूटपट्टीखालीं येतील.

आतां तिसरा प्रश्न. युद्धनौका हें माणसें मारण्याचें यंत्र आहे, हें म्हणणें पूर्णपणें खरें आहे, व तें खरें आहे हें लपवून जी प्रतिकृति केली जाते ती खोटी आहे. येथें त्या नऊ मिलिमीटरांच्या माणसाकडे वळलें पाहिजे. 'ड्रेडनॉट'वर ७०० हून अधिक माणसें राहत, जेवत व झोंपत. तिच्या पोटांत १८ बॉयलर होते. त्यांची भूक भागविण्यासाठीं सुमारे २,९०० टन कोळसा तींत भरण्याची सोय होती, आणि तो कोळसा फावड्यानें आगींत लोटणारीं माणसें डेकच्या खालीं, उजेडाच्या दृष्टीआड, घामानें निथळत उभीं असत. प्रदर्शनांतील नौकांवर बहुधा एकहि माणूस नसतो. तोफा जणूं आपोआप उडत, आणि नौका जणूं आपोआप चाले ! प्रमाणाचा सर्वांत मोठा दोष हाच. डोलकाठी दोन मिलिमीटर कमी भरली तर आपण गुण कापतों. सातशें माणसें गाळलीं तर कोणीच कांहीं बोलत नाहीं.

प्रमाण खरोखर पाळलें तर काय दिसतें तें पाहा. ३१ मे १९१६ रोजीं जटलंडनजीक उत्तर समुद्रांत ब्रिटिश व जर्मन आरमारांची मोठी लढाई झाली. 'ड्रेडनॉट' त्या दिवशीं तेथें नव्हती. ती दुरुस्तीसाठीं गोदींत होती. पण तिच्या पाठीस पाठ लावून जन्मलेली 'इन्व्हिन्सिबल' ही तेथें होती. लढाईच्या आरंभीं तोफा सुरू झाल्या तेव्हां दोन्ही पक्षांत सुमारे १४ किलोमीटरांचें अंतर होतें. आपल्या प्रमाणांत हें अंतर ७० मीटर होतें. तेव्हां आपली नौका शाळेच्या मैदानाच्या एका टोंकास ठेवावी, व शत्रूची नौका दुसऱ्या टोंकास ठेवून पाहावें. येथून तेथील बासमतीच्या दाण्याएवढा माणूस दिसेल काय ? ज्यानें तोफ डागली त्यास तो दिसला नाहीं, आणि ज्याच्यावर गोळा पडला त्यासहि तो डागणारा दिसला नाहीं. 'इन्व्हिन्सिबल'च्या दारूकोठारांचा स्फोट होऊन ती दुभंगली. तींतील हजारांहून अधिक माणसांपैकीं फक्त सहा वांचलीं. त्या एका लढाईंत ब्रिटिशांचीं ६,००० हून अधिक व जर्मनांचीं २,५०० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

त्याच लढाईंत 'चेस्टर' या लहान नौकेवर जॅक कॉर्नवेल नांवाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. सोळा वर्षें म्हणजे आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांचें वय ! ५.५ इंची तोफेपाशीं तिचा नेम जुळविण्याचें काम त्याच्याकडे होतें. त्याच्या सभोंवतींचे बहुतेक सोबती मेले अथवा घायाळ झाले. तो स्वतः प्राणांतिक जखमी झाला होता, तरी आज्ञेची वाट पाहात आपल्या जागीं उभा राहिला. २ जून रोजीं ग्रिम्सबी येथील इस्पितळांत त्याचा अंत झाला, व मरणोत्तर त्यास व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. ती तोफ आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियममध्यें ठेवलेली आहे. त्याच्या शौर्याची कथा पुष्कळदां सांगितली जाते. परंतु 'चेस्टर'ची प्रतिकृति करणाऱ्या मुलास आणखी एक गोष्ट दिसेल. तोफेपुढची पोलादी ढाल डेकपर्यंत पोंचत नव्हती. खालीं फट राहिली होती. त्या फटींतून गोळ्यांचे तुकडे आंत येत, व तोफेवरील माणसांच्या पायांस भयंकर जखमा होत. ढालीची उंची मोजून पुठ्ठ्याचा तुकडा जागीं चिकटवितांना, आणि तिच्यामागें नऊ मिलिमीटरांचा मुलगा उभा करतांना, ती फट नजरेस पडते. त्या क्षणीं मुलास जें कळतें, तें शौर्यावरील व्याख्यानानें कळत नाहीं व युद्धाच्या निषेधानेंहि कळत नाहीं. मातोश्रींच्या प्रश्नास माझें उत्तर हेंच. यंत्र मुलाच्या नजरेआड ठेवून त्याचें भय किंवा त्याचा मोह जात नाहीं. तें माणसाच्या मापानें मोजूं दिलें म्हणजे त्याचें खरें स्वरूप कळतें.

कोणी म्हणेल कीं, हा सर्व दूरदेशींचा इतिहास. त्याच्याशीं आमचा काय संबंध? संबंध आहे. ज्या चढाओढीचा उल्लेख वर आला, तिच्या काळांत बांधलेली 'एम्डेन' ही जर्मन नौका २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्रीं मद्रासच्या किनाऱ्यासमोर आली, व तिनें गोळे डागून तेलाच्या टांक्या पेटविल्या. 'वुल्फ' या दुसऱ्या जर्मन जहाजानें मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरले होते. त्यांवर आदळून १९१७ च्या जून महिन्यांत 'मंगोलिया' ही आगबोट मुंबईपासून थोड्या अंतरावर बुडाली. युरोपांतील गोद्यांत जें पेटविलें गेलें, त्याची झळ आमच्या कोंकणकिनाऱ्याच्या पाण्यासहि लागली. जगाच्या नकाशावर समुद्र एकच आहे.

आणि 'ड्रेडनॉट'चें स्वतःचें काय झालें ? ज्या दहा तोफांसाठीं तिचा एवढा बोलबाला झाला, त्यांना शत्रूच्या युद्धनौकेशीं लढण्याचा प्रसंग आलाच नाहीं. १८ मार्च १९१५ रोजीं तिनें 'यू-२९' या जर्मन पाणबुडीस आपल्या नाळेची धडक देऊन बुडविलें. त्या पाणबुडीवरील एकहि माणूस वांचला नाहीं. पुढें तिच्याहून मोठ्या व वेगवान नौका आल्या, आणि जिनें इतरांस जुनाट ठरविलें तीच जुनाट ठरली. जिच्या बांधणीस सुमारे १८ लक्ष पौंड लागले, ती १९२१ सालीं मोडीच्या भावानें ५० हजार पौंडांहून कमी किंमतीस विकली गेली, व १९२३ मध्यें स्कॉटलंडांतील इन्व्हरकीदिंग येथें तिचे तुकडे करण्याचें काम सुरू झालें. तुलनेसाठीं सांगतों : मुंबईच्या गोदींत वाडियांनीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि जतन केलेली आहे. पोलादाची 'कशासहि न भिणारी' मात्र आतां कागदावरील आराखड्यांत आणि माणसांच्या हातांनीं केलेल्या प्रतिकृतींतच उरली आहे.

या सर्व विवेचनावरून प्रदर्शनासाठीं तीन साधे नियम मी सुचवितों. पहिला, प्रत्येक प्रतिकृतीपुढें तिचें प्रमाण स्पष्ट लिहावें, व निदान पांच मापें खऱ्या मापांच्या शेजारीं मांडून दाखवावीं. दुसरा, कोणतीहि युद्धनौका त्याच प्रमाणांतील निदान एका माणसावांचून प्रदर्शनांत मांडूं देऊं नये. तो माणूस काडीचा असो वा मेणाचा, पण उंचीनें अचूक असावा. तिसरा, नौकेखालच्या पाटीवर ती केव्हां व कोठें बांधली, तीस किती द्रव्य लागलें, आणि तिचें व तिच्यावरील माणसांचें पुढें काय झालें, हें चार ओळींत लिहावें. या तीन नियमांस खर्च कांहींच नाहीं. पण ते पाळणारा मुलगा केवळ कारागीर राहणार नाहीं. तो विचारहि करूं लागेल.

विद्यार्थी-मित्रहो, आपल्या भाषेंत 'प्रमाण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक माप, व दुसरा पुरावा. जी वस्तु मापांत खरी, तीच साक्ष देऊं शकते. तुमच्या हातून होणारी नौका अशी असो कीं, तिच्या लांबी-रुंदीविषयीं पाण्यानें साक्ष द्यावी, आणि तिच्या कर्तृत्वाविषयीं व संहाराविषयीं डेकवर उभ्या असलेल्या त्या दाण्याएवढ्या माणसानें. पालकहो, आपल्या घरच्या कोपऱ्यांत भुसा सांडला व सरसाचा वास सुटला, तर रागावूं नका. जवळ जाऊन एवढेंच विचारा : "बाळ, यावर माणूस कोठें आहे ?" त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत मुलाची एक संध्याकाळ गेली, तर ती सत्कारणीं लागली असें समजावें.